चक्कीतली नाकं आणि पुदिन्याचं फूल

आमच्या घरात नाक हा अवयव चेहऱ्याच्या मध्यभागी होता, एवढंच त्याच्याविषयी खात्रीनं सांगता येईल. श्वासासाठी मी आणि आबा बहुतेक तोंडच वापरायचो. अमडापुरात बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची पिठाची चक्की होती आणि तिच्याच मागच्या दोन खोल्यांत आमचं घर. मधलं दार कधी पूर्ण लागायचं नाही, कारण त्याच्या उंबऱ्यात वर्षानुवर्षांचं पीठ दाबून बसलेलं. पीठ कढीवर तरंगायचं, देवाच्या फोटोच्या काचेवर बसायचं, माझ्या भुवयांवर तर कायमच असायचं. शाळेत मला पोरं ‘म्हातारा’ म्हणत. आता मी खरोखर त्या वाटेला लागलो आहे आणि आरशात पांढऱ्या भुवया दिसल्या की हात आपोआप त्या झटकायला जातो. झटकून त्या जात नाहीत हे मला अजून नीटसं पटलेलं नाही.

माय मात्र रोहिणखेडची. तिचं नाक लग्नात चालू स्थितीत आलं होतं आणि तसंच राहिलं. ती पीठ गळायच्या त्या कापडी बाहीजवळ फारशी उभी राहायची नाही. दळणं घ्यायची, वजन करायची, बायकांशी बोलायची, आणि पट्टा चालू झाला की ओट्यावर जाऊन बसायची. आबा दिवसभर आत. डोक्याचाच रुमाल ते नाकातोंडावर बांधायचे, पण दगडांच्या घरघरीत बोलल्याशिवाय भागायचं नाही, त्यामुळे तो रुमाल सकाळी नाकावर असायचा, दुपारी हनुवटीवर, आणि संध्याकाळी गळ्यात.

चक्की चालू असली की आमच्या घरात दुसरा आवाज नव्हता. लाईट गेली की पट्टा हळूहळू थांबायचा, दगड शेवटचं एकदा कुरकुरायचे, आणि मग आमची नाकं ऐकू यायची. माझ्या नाकाचा आवाज प्रेशर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतो तसा. आबांचा आवाज शिट्टीचाच, पण लांबून येणाऱ्या. दळणाला आलेली एखादी आजीबाई म्हणायची, “लाईट आली वाटते, आवाज येऊन राह्यला.” माय म्हणायची, “नाही वो, या दोघायच्या नाकाचा आवाज हाये तो.”

या दोन नाकांवर घरात एकच औषध होतं, आणि ते माय स्वतः करायची. माझा दोस्त शकील, त्याच्या वडलांचं बाजारात काष्ठौषधीचं दुकान होतं. त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. चाचांकडून माय पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल आणि भीमसेनी कापूर आणायची. पुदिन्याचं फूल म्हणजे फूल नव्हेच. काचेच्या सुयांसारखे लांबट खडे, ज्याला पुढे कॉलेजात मी मेन्थॉल म्हणायला शिकलो. या तिन्ही कोरड्या वस्तू एका बाटलीत घालून बूच लावलं आणि हलवलं की थोड्या वेळात त्यांचं पाणी व्हायचं. पाण्याचा थेंब न घालता पाणी! मला ती मायची करामत वाटायची. बाटलीतला एक थेंब बोटावर घेऊन नाकाखाली लावला की असं वाटायचं, डोक्यात कोणीतरी खिडकी उघडली. आबा रोज सकाळी रुमाल बांधायच्या आधी थेंब लावायचे, डोळे मिटून एकदा आत ओढायचे आणि म्हणायचे, “झालं मोकळं.” त्यानंतरच ते पट्ट्याचं बटण दाबायचे. आमच्या चक्कीचा तो मुहूर्तच होता. दळणाला आलेल्या बायाही पदराच्या टोकाला थेंब लावून घ्यायच्या.

माझ्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या सुमारास आबांचं ‘झालं मोकळं’ दिवसातून कितीतरी वेळा ऐकू येऊ लागलं. ज्वारीचा डबा वर ओतला की ते खाली बसायचे. पूर्वी बसत नसत. झोपतानाही पोत्यांना टेकून, अर्धे बसल्यासारखे झोपायचे. माय म्हणायची, “अजी, एकडाव बुलढाण्याले जाऊन डॉक्टरले दाखवा ना.” आबा बाटलीचं बूच काढायचे, ओढायचे, आणि म्हणायचे, “काय दाखवू? नाक तं मोकळं हाये.” त्यांना तसं खरंच वाटत होतं. मलाही वाटत होतं.

मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच माणूस. बी.एस्सी.ला झूऑलॉजी का घेतलं, असं कोणी विचारलं तर मी आजही विषयाची आवड वगैरे सांगतो. खरी गोष्ट अशी की विषय निवडताना तेवढा एकच शब्द मला वाचता आला नाही, आणि याचा अर्थ काय हे विचारायची लाज वाटली म्हणून मी त्यावर खूण केली. बेडूक दिसल्यावर उलगडा झाला. एस.टी.नं बुलढाण्याला जायचं आणि परत यायचं. डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा. पुस्तकी शब्द मी इतक्या भक्तिभावानं वापरायचो की मायनं एकदा शकीलला विचारलं, “हा कॉलेजात गेल्यापासून असा काऊन बोलते? कोणी रागावलं काय त्याले?”

त्याच वर्षी पोलीस भरती निघाली. भरती निघाली की आमच्याकडे पहाटे रस्त्यावर माणसांपेक्षा धावणारी पोरंच जास्त दिसतात. शकील धावणार होता म्हणून मीही धावायला लागलो. आबांना हे फार पटलं. पोरगं पोलिसात लागलं तर त्याला पिठात उभं राहावं लागणार नाही, असं ते मला नाही, चक्कीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. शकील चिवट होता. तोंड मिटून, एका लयीत पळायचा. मी तोंड उघडं टाकून पळायचो आणि थांबलो की माझ्या छातीत आमची चक्की चालू व्हायची.

भरतीच्या दिवशी मैदानावर एक विधी असतो, तो बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतो. नंबर यायच्या आधी सगळी पोरं खिशातून छोट्या डब्या काढतात आणि नाकाला, गळ्याला, छातीला बाम चोळतात. दम वाढतो म्हणतात. सगळ्या मैदानाला सर्दी झाल्यासारखा वास येतो. आजही भरतीच्या दिवसांत सकाळी त्या बाजूनं गेलो की तो वास येतो आणि माझे पाय आपोआप जड होतात. शकीलनंही थोडा बाम लावला आणि डबी माझ्यापुढे धरली.

मी हसलो. विज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला त्याची कीव आली. “बामात मेन्थॉलचं प्रमाण अत्यल्प असते,” मी म्हणालो, आणि खिशातून कागदाची पुडी काढली. चाचांच्या दुकानातून मी निव्वळ पुदिन्याचं फूल आणलं होतं. एक चांगला बोटाच्या पेराएवढा खडा रुमालात चुरडला आणि तो रुमाल नाकाला लावून खोल, अगदी पोटापर्यंत ओढला.

“बे पल्या, इतकं नको ओढू,” शकील म्हणाला.

“तुले काय समजते?” मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं ते शेवटचं आत्मविश्वासाचं वाक्य असावं.

शिट्टी झाली. मला आजही तो क्षण आठवतो. घाटावरची सगळी थंड हवा जणू माझ्या एकट्याच्या नाकात शिरत होती. जन्मात पहिल्यांदा मी तोंड मिटून पळत होतो. इतकी हवा मिळतेय तर ती वापरली पाहिजे, असा हिशोब करून मी सगळ्यांच्या पुढे गेलो. मागून शकील ओरडला, “हळू बे! पुरं मैदान बाकी हाये अजून!” मला वाटलं, बिचारा, मागे राहिला म्हणून बोलतोय. मग डोळ्यांतून पाणी सुरू झालं. पुढची पांढरी रेघ दोन झाली, मग तीन. अर्धंही अंतर झालं नव्हतं आणि पायांत कोणीतरी ज्वारीची पोती बांधल्यासारखं झालं. गंमत म्हणजे नाक तेव्हाही थंडगार, उघडं, मोकळं वाटत होतं. नाक म्हणत होतं भरपूर हवा आहे, आणि छाती म्हणत होती कुठे आहे? मी छातीवर विश्वास ठेवायला उशीर केला. धावायच्या वाटेतच बसलो तेव्हा एक एक करून सगळी पोरं माझ्यापुढून गेली, मला मागे टाकून नव्हे, मला ओलांडून. शिट्टीवाले साहेब जवळ आले आणि फार प्रेमानं म्हणाले, “बेटा, जरा बाजूले सरक. लोकांच्या पायात येशील.”

शकील धावण्यात पास झाला. मी राहिलो. बाहेर चहाच्या गाडीवर माझे डोळे अजून गळत होते. चहावाल्यानं न मागता कप पुढे केला. “रडू नको भाऊ, पुढच्या डाव येजो.” मी सांगायला लागलो की हे रडणं नाही, हे मेन्थॉल आहे. पण अर्धं पाणी मेन्थॉलचं नव्हतं, म्हणून चहा प्यालो.

घरी आबांनी बाटली माझ्यापुढे सरकवली, एवढंच.

दोन-चार दिवसांनी प्रॅक्टिकलला गेलो. खिशातल्या रुमालाचा वास अजून गेला नव्हता. बेडकांच्या त्या खोलीत पुदिन्याचा घमघमाट सुटला. झूऑलॉजीच्या खरात मॅडम बाकांमधून वास घेत घेत माझ्यापाशी येऊन थांबल्या. मॅडम कमी बोलायच्या आणि मला त्यांची भीती वाटायची. काय झालं विचारल्यावर मी सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणालो, “पण मॅडम, नाक तर पूर्ण उघडलं होतं.”

“उघडलं होतं हे तुला कोणी सांगितलं?”

“नाकानं,” मी म्हणालो. मागच्या बाकावरच्या मुली हसल्या.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी स्टीलचा एक स्वच्छ, थंड ट्रे आणला आणि माझ्या नाकाखाली आडवा धरला. “तोंड मिट आणि साधा श्वास सोड.” ट्रेवर वाफेचे दोन डाग उमटले. डावा लिंबाच्या फोडीएवढा, उजवा हरभऱ्याएवढा. त्यांनी काचेवर लिहायच्या पेन्सिलीनं भोवती रेघ मारली आणि रेघ तशीच ठेवून आतली वाफ पुसली. “आता तुझा तो रुमाल हुंग. पोट भरून.” मी हुंगला. खिडकी उघडली. “मोकळं वाटतं?” “एकदम मॅडम.” पुन्हा ट्रे धरला. डाग तेवढेच. रेघेच्या बाहेर केसभरही नाहीत.

“नाकातून हवा येते हे आपल्याला मुख्यतः गारव्यावरून कळतं,” मॅडम म्हणाल्या. “आत येणारी हवा थंड लागते, म्हणून मेंदू समजतो हवा येतेय. मेन्थॉल त्याच नसांना थंडाव्याची बातमी द्यायला लावतं. वाट आधी होती तेवढीच राहते. तुझं नाक तुझ्याशी खोटं बोललं नाही, त्याला जे कळलं ते त्यानं सांगितलं. पळायचं किती ते तू ठरवलंस.”

मी फार शहाणा झाल्यासारखा ट्रेकडे बघत राहिलो. परतीच्या एस.टी.त मनातल्या मनात ते मैदान पुन्हा धावलो, या वेळी शास्त्रशुद्ध. चिखली मागे पडल्यावर मला एकाएकी आबांचं ‘झालं मोकळं’ ऐकू आलं आणि मी सीटवर सरळ झालो. मी तर एका मैदानापुरता फसलो होतो. आबा रोज सकाळी त्याच बातमीवर पट्ट्याचं बटण दाबत होते आणि त्याच बातमीवर डॉक्टरला नको म्हणत होते.

घरी पोचताच मी प्रयोग जाहीर केला. कसा जाहीर केला हे आठवलं की आजही कानाच्या पाळ्या तापतात. चक्की बंद करायला लावली, मायला जेवायचं ताट आणायला सांगितलं, आणि “नासिकामार्गातील हवेचा प्रवाह” अशा शब्दांनी सुरुवात केली. दळणाला आलेल्या दोन बाया डबे घेऊन ओट्यावरच बसल्या. मी आबांच्या नाकाखाली ताट धरलं. काहीच उमटलं नाही. पुसून पुन्हा धरलं. काहीच नाही.

“माय,” मी घाबरून म्हणालो, “आबांच्या नाकातून हवाच येऊन नाही राह्यली!”

“मंग इतका वेळ हे शिव्या कोण देऊन राह्यलं?” माय म्हणाली.

ताट चुलीजवळचं होतं, गरम होतं. गरम ताटावर वाफ उमटत नाही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेवटी मायनंच ताट माठाच्या ओल्या फडक्यावर ठेवलं आणि थंड करून दिलं. आधी मी माझं नाक दाखवलं, लिंबाची फोड आणि हरभरा. मग मायनं ताट हिसकून घेतलं. तिच्या नाकाखाली दोन भरगच्च, सारखे डाग उमटले. “पाह्य, माहे दोन्ही चालू हायेत,” असं म्हणत तिनं ताट बायांनाही दाखवलं.

मग आबा. तोंड मिटून त्यांनी श्वास सोडला. एका बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका आला. दुसऱ्या बाजूला काही नाही.

“बिना औषधाचं हाये हे,” आबा म्हणाले. बाटली उघडली, थेंब लावला, डोळे मिटून ओढलं. “झालं मोकळं. आता धर.”

ताट पुन्हा थंड करून मी धरलं. ज्वारीचा दाणा. तेवढाच.

बायांनी तोंडावरचे पदर खाली घेतले. आबांनी ताट स्वतःच्या हातात घेतलं, गळ्यातल्या रुमालानं पुसलं, जोर लावून श्वास सोडला. पुन्हा पुसलं. रुमालाचं पीठ ताटाला लागलं. मला वाटत होतं आता समजावून सांगावं, नसा, गारवा, मेंदू, पण तोंडात एकही पुस्तकी शब्द येईना, आणि हे फार बरं झालं.

“ताटच खराब हाये,” आबा म्हणाले.

मायनं त्यांच्या हातातून ताट घेतलं, धुतलं, माठावर ठेवलं, आणि आपल्या नाकाखाली धरून त्यांच्यासमोर केलं. दोन डाग हळूहळू विरत गेले. “ताट चांगलं हाये,” ती हळूच म्हणाली.

आबा उठले. बायांचे डबे घेतले. पट्ट्याच्या बटणावर हात ठेवून, आमच्याकडे पाठ करून म्हणाले, “उद्या बाजार हाये, दळण जास्त राहीन. परवा जाऊ बुलढाण्याले.”

डॉक्टरांनी नाकात बारकी बत्ती घालून पाहिलं आणि म्हणाले, दोन्ही बाजूंना मांस वाढलंय, बरीच वर्षं झाली असणार. नाक बंद म्हणून तोंडानं श्वास, आणि तोंडानं म्हणून पीठ सरळ छातीत. मी मध्येच मेन्थॉल आणि थंडाव्याच्या नसांविषयी माहिती पुरवायला सुरुवात केली. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “पेशंट तुम्ही आहात का?” मी बाहेर जाऊन बसलो. ऑपरेशन झालं, छातीचं औषध सुरू झालं, आणि चक्कीला मागच्या भिंतीत हवा ओढणारा पंखा बसला. माझं उजवं नाक मात्र आजही हरभऱ्याएवढंच चालतं, कारण ते दाखवायला मी अजून गेलेलो नाही. ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. वर्गावर जाण्याआधी टेबलाच्या खणातली छोटी बाटली काढून हुंगतो, मोकळं झालं असं वाटून घेतो, आणि मग मुलांना सांगतो की यानं नाक उघडत नाही.

नाकातल्या पट्ट्या निघाल्यावर आबा घरी आले तो दिवस राहिला सांगायचा. मायनं डाळीचे वाफवलेले फुणके आणि कढी केली होती. शकीलही आला होता, ट्रेनिंगला जाण्याआधी भेटायला. आबा उंबऱ्यातल्या पिठावर पाय ठेवून आत आले आणि दारातच थांबले. मान वर करून त्यांनी श्वास घेतला, तोंड मिटून. पुन्हा घेतला. ज्वारीच्या कोठीजवळ गेले, वाकून हुंगलं, मान हलवली. हरभऱ्याच्या पिठाचा डबा उघडला, हुंगला, कितीतरी वेळ तसेच वाकून उभे राहिले. कढीचं भांडं हुंगलं. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“हा खराब वास कायचा येऊन राह्यला बे? पुऱ्या घरात भरला हाये.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. शकीलनं बुटाचे तळवे तपासले. आबा वास घेत घेत फिरत गेले, देवाच्या फोटोपाशी, भांड्यांपाशी, आणि चक्कीच्या दाराशेजारच्या कोनाड्यापुढे थांबले. तिथून त्यांनी ती बाटली उचलली, बूच काढलं, नाकापाशी नेली आणि झटक्यानं हात लांब केला.

“असा वास मारते हे? इतके वर्षं?” ते मायकडे वळले. “अन् मले कोणी सांगतलं नाही?”

माय कढी वाढत होती. तिनं मान वर केली नाही.

“आमाले वाटलं,” ती म्हणाली, “तुमाले आवडते.”